पालकांनी घेऊन यावे

पहिला मेसेज आला तेव्हा मी केतकीच्या दुसऱ्या वेणीला रिबीन बांधत होते. फोन तिच्यासमोर खिडकीच्या कट्ट्यावर होता, म्हणून तिनंच वाचला.

"नमस्कार. कु. केतकी इंगोले हिचा दुसरा डोस १८ फेब्रुवारीला आहे. पालकांनी घेऊन यावे." मग मान न वळवता म्हणाली, "आई, कोण नेणार?"

"बघू," मी म्हटलं.

गाठ मारली, फोन उचलला, मेसेजचा स्क्रीनशॉट काढला आणि 'कोर्ट' नावाच्या फोल्डरमध्ये टाकला. तोवर तिनं दप्तर पाठीला लावलं होतं. मी काय केलं ते तिला दिसलं की नाही, मला माहीत नाही.

माहीत आहे. त्या खिडकीच्या काचेत मागचं सगळं दिसायचं.

*

ती फाईल अजून माझ्याकडे आहे. दहा वर्षं झाली. कोर्टात दाखल होणाऱ्या कागदाला निशाणी म्हणतात आणि त्यावर लाल पेनानं आकडा घालतात. मी हे त्या आकड्यांनीच सांगणार आहे, कारण माझ्या मनानं सांगायला लागले की मी स्वतःला वाचवते. दोन-तीनदा करून पाहिलंय. मधले काही आकडे इथे नसतील. ते कागद फ्लॅट, दागिने आणि कोण कोणाला काय बोललं याबद्दलचे आहेत.

*

निशाणी ६

पुरसीस. म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून कोर्टाला लिहून दिलेला कागद. सहाच ओळी आहेत. अंतिम निकालापर्यंत केतकी आईकडे राहील. शनिवार-रविवार वडिलांकडे. शिक्षणाची जबाबदारी आईची. आरोग्याची जबाबदारी वडिलांची.

खाली माझी सही आणि प्रफुल्लची. त्याची सही नेहमीसारखी लांबलचक, शेवटी शेपूट. तो ठिबक सिंचनाच्या कंपनीत होता, संत्र्याच्या बागांतून फिरायचा, आणि शेतकऱ्यांच्या फॉर्मवरही अशीच सही ठोकायचा. मी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात, फेरतपासणीच्या टेबलावर. चौदा वर्षांच्या संसारात मी त्याला 'अहो' म्हणत होते. घटस्फोटाचा अर्ज दाखल केला त्या दिवसापासून 'तू' म्हणायला लागले. तो पहिल्यांदा हसला होता, मग त्याला सवय झाली.

दोघांनाही केतकी पूर्ण हवी होती. शनिवार-रविवार नको, सुट्ट्या वाटून नकोत. निकाल ऑगस्टमध्ये लागणार होता. तोवर समोरचा नालायक आहे हे कागदावर दिसायला हवं होतं, एवढंच आमचं त्या सहा महिन्यांतलं काम.

*

निशाणी नाही

पहिला डोस आदल्या ऑगस्टमध्ये दिला होता. आम्ही तिघं मिळून कुठे गेलो, ती शेवटची वेळ.

डॉक्टर भोजने मॅडम केतकीला जन्मापासून बघत होत्या. ही लस मुलींसाठी असते, पुढे गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होऊ नये म्हणून, असं त्यांनी समजावलं. प्रफुल्ल तेवढा वेळ पंख्याकडे बघत बसला. मग त्यानं दोन्ही डोसचे पैसे एकदमच भरून टाकले, म्हणजे पुन्हा हा विषय ऐकायला नको. दोन्ही डोसच्या संमतीपत्रावर आम्ही दोघांनी सह्या केल्या. मोबाईल नंबरच्या रकान्यात त्यानं त्याचा लिहिला, मी खोडला नाही, शेजारी माझा लिहिला. काउंटरवरच्या दुर्गानं विचारलं, मेसेज कोणाला पाठवू? आम्ही दोघंही एकदम म्हणालो, मला.

"दोघायलेही पाठवतो जी," दुर्गा म्हणाली आणि हसली.

सुई टोचल्यावर पंधरा मिनिटं बसावं लागतं. या वयाच्या पोरींना चक्कर येते कधीकधी. केतकी मध्ये बसली, बिनबाह्यांच्या निळ्या फ्रॉकमध्ये, दंडावर कापूस धरून. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तो. आम्ही त्या पंधरा मिनिटांत भांडलो नाही. तिनं घड्याळाकडे बघत प्रत्येक मिनिट मोठ्यानं म्हटलं होतं. पंधरा झाल्यावर म्हणाली, अजून थोडं बसू.

*

निशाणी ९

स्क्रीनशॉट. ११ फेब्रुवारी, १८ फेब्रुवारी, २५ फेब्रुवारी. तीन मेसेज, तेच शब्द. पुढे दर दुसऱ्या गुरुवारी सकाळी साडेनऊला.

माझ्या वकील, तिडके मॅडम, यांना मी पहिला दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. त्यांनी विचारलं की हा केतकीच्या वडिलांनाही गेला असेल का. मी म्हटलं, हो. नेलं का त्यांनी? नाही.

"ताई, तुम्ही नेलंत तर आईनं नेलं, एवढंच. त्यात बातमी नाही," त्या म्हणाल्या. "नाही नेलं तर बापानं नेलं नाही. मी काही करा म्हणत नाही. करू नका असंही म्हणत नाही."

मला त्यांना दोष द्यायचा नाही. मी घरून ठरवूनच गेले होते.

लस उशिरा घेतली तरी चालते, हेही मी डॉक्टरांच्या पत्रकात वाचून ठेवलं होतं. तिला काही होणार नव्हतं. हे मी स्वतःला रोज सांगायची, म्हणजे तेवढी मी चांगली होते.

*

ऑफिसात त्या दिवसांत हा मेसेजांचा विषय निघाला, कारण उंबरकर बाई वैतागून आल्या होत्या. त्यांच्या पोरीचा फॉर्म दिरानं भरला होता, त्यामुळे मेसेज दिराच्या फोनवर आला आणि त्यानं तो जेवताना सगळ्यांसमोर वाचला. कसली लस, या वयात काहून, सासूनं विचारलं. उंबरकर बाईंनी सांगितलं, सर्दीची. शेजारच्या टेबलावरचा शेळके म्हणाला की हे सगळे डॉक्टरांचे धंदे, तो आलेला मेसेज न वाचताच उडवतो. मग पोराची लस कोण देतं, असं मी विचारल्यावर म्हणाला, बायको नेते ना.

मी माझा फोन दाखवला. उंबरकर बाईंनी मोजले. "चार आले की हो. नेलं का मग?"

"आरोग्य माझ्याकडे नाही," मी म्हटलं.

त्या हसल्या. त्यांना वाटलं मी विनोद केला.

*

निशाणी १०

कोर्टाच्या सांगण्यावरून ठेवलेली नोंदवही: केतकीला कधी सोडलं, कधी परत आणलं. शनिवारी सकाळी दहा, बागेच्या फाटकाशी. रविवारी संध्याकाळी सहा, तिथेच. शेवटच्या रकान्यात 'शेरा'.

२६ मार्चचा शेरा: 'काही नाही.'

त्या शनिवारी काय झालं ते असं. दोनच दिवसांपूर्वी पाचवा मेसेज आला होता. प्रफुल्ल गाडीतून उतरला, केतकीची पिशवी घेतली, आणि नेहमी बोलत नाही तसा माझ्याशी बोलला.

"तब्येत बरी ना पोट्टीची?"

"आरोग्य तुझ्याकडे आहे," मी म्हटलं. "तूच सांग."

"राहते तुझ्याकडे."

"हो. राहते."

"मग काही राहिलं-बिहिलं असेल तर तुलाच माहीत असणार."

"मला कशाला माहीत असेल?"

त्याला मेसेज आला होता. मला मेसेज आला होता. त्याला माहीत होतं की मला आला आहे, आणि मला माहीत होतं की त्यालाही माझ्यासारखाच दुसऱ्याच्या तोंडून पहिला शब्द हवा आहे. आम्ही दोघंही हसत होतो. केतकी आमच्या मध्ये उभी होती आणि एकदा त्याच्या तोंडाकडे, एकदा माझ्या तोंडाकडे बघत होती, टेबल टेनिस बघावं तशी. मग ती स्वतःच जाऊन गाडीत बसली.

'काही नाही' हे मी घरी येऊन लिहिलं.

*

निशाणी ११

माझं शपथपत्र. परिच्छेद सात:

'मी सत्यप्रतिज्ञेवर कथन करते की, प्रतिवादी यांना दवाखान्याकडून वेळोवेळी सूचना मिळूनही त्यांनी अल्पवयीन मुलीच्या आरोग्याकडे हेतुपुरस्सर दुर्लक्ष केले.'

(तिडके मॅडमनी 'हलगर्जीपणाने' लिहिलं होतं. 'हेतुपुरस्सर' मी घातलं.)

'सदर बाब अर्जदार हिस अत्यंत क्लेशदायक आहे.'

(हे वाचताना मी चहा पीत होते.)

'पुराव्यादाखल दवाखान्याची शिक्क्यासह यादी सोबत जोडली आहे.'

*

निशाणी १२

ती यादी.

२२ एप्रिल, शुक्रवार. तिडके मॅडम म्हणाल्या होत्या की स्क्रीनशॉट कोणीही बनवतो, दवाखान्याचा शिक्का आणा. मी ऑफिसातून दुपारी दुर्गाला फोन केला. केतकीची आई बोलतेय म्हटल्याबरोबर तिचा आवाज बदलला. ती म्हणाली, या ना ताई, आजच या, मॅडम सहापर्यंत आहेत. मी म्हटलं, साडेपाचला येते. कशासाठी ते फोनवर बोलले नाही. अशा गोष्टी समोर जाऊन मागायच्या असतात, नाहीतर माणसं उद्या या म्हणतात.

पाचला घरी आले, पर्स बदलायला. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन. आमच्याकडे एप्रिलमध्ये पोरी डोक्यापासून बोटांपर्यंत झाकून घेतात, आणि केतकी बिनबाह्यांचा निळा फ्रॉक घालून, पायात बूट चढवून, दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर बसली होती. फ्रॉक तिला आता काखेत काचत होता. केस ओले होते.

"या उन्हात बिनबाह्यांचा?" मी विचारलं. "कुठे निघालीस?"

"कुठे नाही."

"मग बूट काढ."

तिनं माझ्याकडे बघितलं. हसू यायच्या आधी ओठ दाबून धरतात तसे तिनं धरले होते. मला तो उद्धटपणा वाटला. मी तिला म्हटलं की बापाकडे राहून ही थेरं शिकून येतेस, आणि पर्स घेऊन बाहेर पडले.

दवाखान्यात दुर्गा काउंटरवरून उठून उभी राहिली. माझ्याकडे नाही, माझ्या मागे, दाराकडे बघत होती.

"एकट्याच?"

"मला आजवर पाठवलेल्या मेसेजांची यादी हवी आहे. तारीख, वेळ, नंबर. आणि खाली दवाखान्याचा शिक्का."

ती तशीच उभी राहिली. मग तिनं विचारलं, "बस, यादी?"

"बस."

ती बसली, कॉम्प्युटरवर काहीतरी दाबलं, कागद निघाला. सात ओळी. तिनं शिक्का हातात घेतला आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी म्हटलं, शिक्का स्पष्ट उमटू द्या, परवा एका कागदावरचा पुसट आला म्हणून परत फिरवला. तिनं शिक्का मारला. स्पष्ट होता.

परत आले तेव्हा साडेसहा वाजले होते. केतकी कपाटावरच होती, बूट घालून.

"कुठे गेली होतीस?" तिनं विचारलं.

"कामाला. बूट काढ म्हटलं होतं ना?"

तिनं काढले. एका बुटाची नाडी सुटेना, तेव्हा तिनं ती दातांनी ओढली. फ्रॉक बदलून आली आणि अभ्यासाला बसली. त्यानंतर निळा फ्रॉक मला दिसला नाही. लहान झाला होता, म्हणून मी शोधला नाही.

*

निशाणी १३

कागद सापडत नाही. फाईलच्या अनुक्रमणिकेत फक्त 'इतर' लिहिलं आहे.

*

निशाणी १४ ते १७

स्क्रीनशॉट. मे, जून, जुलै. नमस्कार. कु. केतकी इंगोले हिचा दुसरा डोस बाकी आहे. पालकांनी घेऊन यावे. नमस्कार. कु. केतकी इंगोले हिचा दुसरा डोस बाकी आहे. पालकांनी. नमस्कार. एका गुरुवारी साडेनऊला मेसेज आला नाही, तर मी दहा वाजेपर्यंत तीनदा फोन बघितला. दहा वाजून पाच मिनिटांनी आला. बरं वाटलं.

चौदा झाले.

*

निशाणी २१

समुपदेशकांचा अहवाल. ५ ऑगस्ट. दीड पान.

निकालाआधी मुलीचं म्हणणं ऐकायचं म्हणून आम्हा तिघांना पाथरे मॅडमच्या खोलीत बोलावलं होतं. वकील बाहेर. खोलीत लहान पोरांसाठी म्हणून रंगीत बुटक्या खुर्च्या होत्या. आम्हा दोघांना मोठ्या मिळाल्या. केतकी एका पिवळ्या खुर्चीवर बसली, गुडघे छातीशी आलेले. आठ दिवसांनी तिला पंधरावं लागणार होतं.

पाथरे मॅडम साठीच्या आसपास होत्या, खणखणीत आवाजाच्या. त्यांनी आमची दोन्ही शपथपत्रं उघडली आणि दोन कागद काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एक माझा, निशाणी १२. दुसरा मी पहिल्यांदाच बघत होते. तोच दवाखाना, तेच कोष्टक, तोच शिक्का. फक्त नंबर प्रफुल्लचा आणि एक ओळ जास्त.

"सात इकडे, आठ तिकडे," पाथरे मॅडम म्हणाल्या. "पुढचे स्क्रीनशॉट दोघांनीही लावलेत. यांचं म्हणणं, आईजवळ राहून मुलीचा साधा डोस होत नाही. तुमचं म्हणणं, बापाची जबाबदारी असून त्यानं नेलं नाही. बरोबर?"

आम्ही दोघांनीही मान हलवली. मला आठवतं, मी जरा जास्तच हलवली.

"मला एवढंच सांगा. पोरीला नेलं कोणी?"

प्रफुल्ल म्हणाला की ताबा हिच्याकडे असताना त्यानं परस्पर काही करणं बरं दिसलं नसतं. मी म्हटलं, मॅडम, पुरसीस वाचा, चौथी ओळ.

"वाचली. मी पुरसीस विचारत नाही."

तेवढ्यात पिवळ्या खुर्चीवरून आवाज आला.

"झालाय माझा."

तिनं दप्तराच्या पुढच्या खणातून लसीचं कार्ड काढलं. जन्मापासूनचं, कोपरे दुमडलेलं. ते माझ्या कपाटात असायचं, आणि मार्चपासून ते कपाटात नव्हतं हे मला त्या क्षणी कळलं. पाथरे मॅडमनी ते उघडून वाचलं.

"दोन मार्च," त्या म्हणाल्या. "कोण होतं बरोबर?"

"कोणी नाही. ट्यूशन दवाखान्याशेजारीच आहे. पैसे भरलेले होते, सह्या पण होत्या दोघांच्या. डॉक्टर मॅडमनी विचारलं, आई-बाबा? मी म्हटलं, बाहेर गाडीत आहेत." ती कार्डाकडे बघत बोलत होती. "पंधरा मिनिटं बसावं लागतं. दुर्गाताई बसल्या जवळ."

"मग हे मेसेज? दोन मार्चनंतरचे अकरा?"

"कॉम्प्युटरवर एक चौकोन असतो. डोस दिला की तिथे खूण करायची, मग मेसेज थांबतात. मी दुर्गाताईंना म्हटलं, नका करू खूण."

"का गं?"

"बघायचं होतं कोण येतं."

प्रफुल्लनं घसा साफ केला.

"कोणी आलं की सांगणार होते, झालाय म्हणून," केतकी म्हणाली. "म्हणजे फजिती. मग हसलो असतो. दुर्गाताई पण तयार होत्या." मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "त्या दिवशी त्यांनी मला ट्यूशनमधून बोलावून सांगितलं, आईचा फोन आला होता, साडेपाचला येते म्हणाली. मी पळत घरी आले. आंघोळ केली."

मला बूट आठवले.

"आणि बाबा तर मला घेऊनच गेले होते," ती म्हणाली. "मे महिन्यात, शनिवारी. दवाखान्यासमोर गाडी लावली. मी पट्टा काढला. तर म्हणाले, तू बस, एसी चालू ठेवतो, मी एक कागद घेऊन आलो."

पाथरे मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग विचारलं, "किती दिवस बघणार होतीस?"

"आजपर्यंत."

अहवालात हे सगळं तीन ओळींत आहे. पुढचं अहवालात नाही.

कोणाकडे राहायला आवडेल, असं त्यांनी विचारलं. केतकीनं दप्तरातून दुसरा कागद काढला. वर्ध्याच्या एका शाळेच्या होस्टेलचा फॉर्म, निळ्या शाईनं भरलेला, फोटो चिकटवलेला. खाली पालकाच्या सहीची रेघ मोकळी होती. तिनं तो आमच्या दोघांच्या मध्ये टेबलावर ठेवला आणि वर स्वतःचं पेन.

"एकाचीच लागते," ती म्हणाली. "कोणीही करा."

पेन माझ्या हाताजवळ होतं. त्याच्याही. मी त्याच्याकडे बघितलं, तो माझ्याकडे बघत होता. जो सही करील त्यानं मुलगी सोडली असं उद्या समोरचा म्हणणार, हे आम्हा दोघांनाही एकाच वेळी सुचलं.

"वकिलांना विचारून सांगते," मी म्हटलं.

"हो, विचारायला हवं," प्रफुल्ल म्हणाला. त्या वर्षभरात एवढ्या एकाच गोष्टीवर आमचं एकमत झालं.

केतकी हसली. मोठ्यानं, पिवळ्या खुर्चीवर मागे रेलून. फेब्रुवारीपासून मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

*

निशाणी २४

आदेश. अर्जदार व प्रतिवादी दोघांनीही आठ दिवसांत फॉर्मवर सह्या कराव्यात. आम्ही केल्या. त्याची शेपटासकट, रेघेच्या बाहेर गेलेली.

ती वर्ध्याला गेली, मग पुण्याला, आता हैदराबादला असते. चोवीस वर्षांची आहे. वाईट वागत नाही. दिवाळीत दोन दिवस माझ्याकडे येते, दोन दिवस त्याच्याकडे. तिकडून काही कळवायचं असलं की मेसेज करते, आणि तो आम्हा दोघांना जातो, एकाच मिनिटाला, त्याच शब्दांत. 'पोचले.' 'नोकरी बदलली.' 'ताप होता, आता बरी आहे.' मागच्या महिन्यात: 'लग्न ठरवते आहे. तारीख कळवीन. दोघांनी यावे.'

*

निशाणी नाही

पाच ऑगस्टलाच, कोर्टातून निघाल्यावर, केतकीला रिक्षानं घरी पाठवलं आणि मी दवाखान्यात गेले. दुर्गा मला बघून उठली नाही. काउंटरसमोर एक बाई बसली होती, तिच्या मांडीवरचं पोर रडत होतं. मी उभी राहिले.

मी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "पोरीनं हात धरला होता जी माझा. मी काय करू?"

मी म्हटलं, आता करा ती खूण. तिनं कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. केतकी इंगोले. डोस दोन. शेजारी रिकामा चौकोन. तिनं माऊस हलवला, एकदा दाबलं. चौकोनात खूण उमटली. एवढंच होतं ते.

मला निघता आलं असतं. ती बाई पोराला थोपटत होती. माझ्या डोक्यात सकाळपासून एकच गोष्ट घोळत होती, आणि ती केतकीची नव्हती.

"मे महिन्यात तिचे वडील आले होते ना, यादी घ्यायला," मी विचारलं. "तेव्हा त्यांनी तिच्याबद्दल काही विचारलं होतं? कशी आहे, डोसचं काय, असं काही?"

दुर्गानं कॉम्प्युटर परत स्वतःकडे वळवला.

"नाही," ती म्हणाली. "त्यायनंही नाही."

मला बरं वाटलं.